प्रत्येक रिपॉझिटरीला तिची किल्ली

चि. ओंकार यास,


तुझा मेसेज वाचला. दोन गिऱ्हाइकांचा कोड एकाच सर्व्हरवर आणायचा आहे, आणि दुसऱ्या रिपॉझिटरीला तीच डिप्लॉय की जोडायला गेलास तर 'आधीच वापरात आहे' म्हणून गिटहबने नकार दिला. मग मित्राचं ऐकून तू स्वतःच्या खात्याचीच किल्ली सर्व्हरवर ठेवलीस. म्हणे, सगळंच उघडतं! अरे, घोटाळा तोच आहे. उद्या त्या सर्व्हरमध्ये कोणी घुसलं, तर दोन्ही गिऱ्हाइकांच्या कोडबरोबर तुझं स्वतःचं कामही त्याच्या हाती लागेल, बदल करण्याच्या अधिकारासकट. डिप्लॉय की एकाच रिपॉझिटरीपुरती असते आणि मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय नुसतं वाचू देते. सर्व्हरला तेवढंच पुरतं.

किल्ल्या बनवणं मिनिटाचं काम. एसएसएच-कीजेन चालवताना प्रकार ईडी२५५१९ घे आणि फाइलचं नाव स्वतः दे. नाहीतर 'जुनीवरच लिहू का?' असं तो विचारतो आणि घाईत माणूस हो म्हणून बसतो. 'दुकान', 'दवाखाना' अशी बोलकी नावं ठेव. शेवटी .पब असलेली फाइल तेवढी गिटहबला द्यायची. दुसरी कुणालाही नाही, व्हॉट्सॲपवर तर नाहीच. तिच्या परवानग्या ६०० ठेव, त्याहून सैल असतील तर एसएसएच ती वापरतच नाही.

ग्यानबाची मेख पुढे आहे. दोन्ही रिपॉझिटऱ्यांचा पत्ता गिटहब.कॉम, युजर दोन्हीकडे 'गिट'. कुठली किल्ली कुठे लावायची हे एसएसएचला कळणार कसं? म्हणून .एसएसएच फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये दोन होस्ट लिही: 'गिटहब-दुकान' आणि 'गिटहब-दवाखाना'. दोघांखाली होस्टनेम खरंच, गिटहब.कॉम, आयडेंटिटीफाइल मात्र ज्याची त्याची. त्याखाली 'आयडेंटिटीजओन्ली यस' ही ओळ हवीच. लॅपटॉपवरून एजंट फॉरवर्ड करून सर्व्हरवर आलास आणि ही ओळ नसली, तर तुझ्या खात्याची किल्ली आधी पुढे होते, पुल बिनबोभाट होतो आणि नवी किल्ली चालली असं वाटतं. रात्री क्रॉन तीच कमांड चालवतो तेव्हा तुझा एजंट तिथे नसतो. किल्लीत काही चूक राहिली असेल, तर ती तेव्हा उघडी पडते.

एवढं करूनही बरेच जण रिमोटचा पत्ता बदलायला विसरतात. गिट रिमोट सेट-यूआरएल वापरून '@' च्या पुढे गिटहब.कॉमच्या जागी तुझं होस्टचं नाव घाल. मग एसएसएच -टी लावून पाहा: उत्तरात रिपॉझिटरीचं नाव आलं तर डिप्लॉय की लागली, तुझं नाव आलं तर खात्याची.

लॅपटॉपवर मात्र हा पसारा मांडू नकोस. तिथे प्रत्येक खात्याला एक किल्ली, तीही पासफ्रेज लावून, म्हणजे झालं. गिटहबवर कमिट कुणाच्या खात्यावर पडतं ते गिटच्या युजर.ईमेलवरून ठरतं, किल्लीवरून नाही. ऑफिसच्या फोल्डरसाठी ते वेगळं लावून घे.

आणि सर्व्हरवर ठेवलेली तुझी ती किल्ली आजच काढ. नुसती फाइल पुसून भागत नाही. गिटहबच्या खात्यातूनही ती रद्द कर आणि लॅपटॉपसाठी नवी बनव.

तुझी,
मावशी