नवागताचे मूल्यमापन आणि पुराव्याचा काळ

मूल्यमापनाच्या प्रश्नाची जी चर्चा आपल्याकडे होते ती बहुधा पूर्ण झालेल्या कृतीविषयी असते. कृती समोर आहे, तिचे वाचन झालेले आहे आणि आता तिचे मूल्य ठरवावयाचे आहे, अशी परिस्थिती गृहीत धरूनच निकषांचा काथ्याकूट चालतो. ज्याचे कर्तृत्व अद्याप घडते आहे अशा माणसाविषयी निर्णय देण्याची वेळ येते तेव्हा मात्र ही चर्चा तोकडी पडते. कालिदासाने ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत हा प्रश्न फार पूर्वीच उपस्थित करून ठेवला आहे. भास, सौमिल्ल, कविपुत्र यांच्यासारखे प्रथितयश नाटककार असताना विद्वत्सभेने नव्या कवीचे नाटक का पाहावे, अशी शंका तेथे काढली जाते आणि जुनेपण वा नवेपण हा गुणाचा निकष नव्हे, पारखून घेऊन ठरवावे, असे तिचे निरसन होते. हे उत्तर योग्यच आहे. पण पारखावयाचे ते कशाच्या आधारे, आणि पारख पुरी होण्यास किती काळ द्यावा, हा प्रश्न तेथे उरतोच.

ह्या प्रश्नाचे अत्यंत उघडेवाघडे रूप अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये पाहावयास मिळते. साहित्यविचाराच्या नियतकालिकात हा विषय काहींना विजोड वाटेल. तथापि मूल्यमापनाची मीमांसा जर खरी असेल, तर जेथे निर्णयामुळे एखाद्याचे काम जाते अथवा राहते तेथेही ती टिकली पाहिजे. वाङ्मयीन समीक्षेत चुकीच्या निर्णयाची किंमत सहसा कोणी मोजत नाही. तेथे ती मोजली जाते, तीही भर मैदानात.

खेळाच्या तपशिलात फारसे न शिरता एवढे सांगितले तरी पुरे. मैदानावरील अकरा जणांपैकी क्वार्टरबॅक ह्या खेळाडूच्या हाती प्रत्येक चढाईच्या आरंभी चेंडू येतो. दोन-तीन सेकंदांत त्याला तो कोणाकडे फेकावयाचा हे ठरवावे लागते. फेक प्रतिपक्षाने झेलली तर इंटरसेप्शन. फेकण्याआधीच तो पाडला गेला तर सॅक. नव्या खेळाडूंची वाटणी ‘ड्राफ्ट’ ह्या वार्षिक पद्धतीने होते आणि आदल्या हंगामात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट, त्या संघाला निवडीचा पहिला हक्क मिळतो. समतेसाठी केलेल्या ह्या व्यवस्थेचा परिणाम असा की, ज्याच्याकडून सर्वाधिक अपेक्षा तोच तरुण बहुधा सर्वांत दुबळ्या संघात जाऊन पडतो. नव्याने स्थापन झालेल्या ह्यूस्टन टेक्सन्स संघाने २००२ साली डेव्हिड कार याला पहिल्या क्रमांकाने घेतले. त्या एका हंगामात तो ७६ वेळा सॅक झाला, आणि हा उच्चांक आजही मोडलेला नाही. त्याची ‘सुरुवातीची कामगिरी’ म्हणून जे नोंदले गेले त्यात त्याचे स्वतःचे किती आणि त्याच्या पुढे उभ्या असलेल्या फळीचे किती, हे वेगळे काढणार कसे?

१९९८ सालच्या ड्राफ्टमध्ये पेटन मॅनिंग पहिल्या व रायन लीफ दुसऱ्या क्रमांकाने निवडला गेला. दोघांत सरस कोण यावर त्या वेळी जाणकारांत खरोखरच मतभेद होते. लीफने सॅन दिएगोसाठी पहिले दोन सामने जिंकले. तिसऱ्या सामन्यात कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने केलेल्या पंधरा फेकींपैकी एकच यशस्वी झाली, तीही चार यार्डांची. हंगामाअखेर त्याच्या नावावर २ टचडाउन पास आणि १५ इंटरसेप्शन होती. मॅनिंगच्या इंडियानापोलिस संघाने सोळापैकी तेरा सामने गमावले आणि त्याने २८ इंटरसेप्शन दिली. नवागताच्या बाबतीत हा आजही नकोसा विक्रम आहे. पुढच्याच वर्षी त्याच संघाने तेरा सामने जिंकले. मॅनिंग पाच वेळा हंगामातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. लीफची कारकीर्द काही वर्षांतच संपली.

आज मॅनिंगच्या २८ इंटरसेप्शनांचा उल्लेख होतो तो शिकाऊपणाची खूण म्हणून, आणि लीफच्या पंधरांचा होतो तो अधःपाताचा आरंभ म्हणून. इतिहासाच्या तत्त्वज्ञानाची मांडणी करताना आर्थर डॅन्टो यांनी १९६५ साली ‘कथनात्मक वाक्य’ अशी एक कोटी सांगितली होती. तीस वर्षांचे युद्ध १६१८ साली सुरू झाले, हे वाक्य १६१८ साली कोणालाही उच्चारता आले नसते. ते पुढील घटनेच्या प्रकाशातच शक्य होते. ‘१९९८ हे मॅनिंगच्या उमेदवारीचे वर्ष होते’ हेही वाक्य त्याच जातीचे आहे. आपण ते तथ्य म्हणून वाचतो, परंतु त्याचा अर्धा अर्थ नंतरच्या काळातून उसना आलेला असतो. हा उसना अर्थ पुढच्या नवागताच्या बाबतीत नियम म्हणून वापरला जातो तेव्हा घोटाळा होतो. ‘मॅनिंगनेही अठ्ठावीस दिली होती’ हे वचन प्रत्येक अपयशी नवागताच्या समर्थनार्थ म्हटले जाते. त्यातून त्या नवागताविषयी काहीही सिद्ध होत नाही.

येथे वर्णन, मूल्यनिर्णय आणि भाकित ह्या तीन क्रिया एकमेकींत मिसळल्या आहेत. फेकपटूचे मोजमाप म्हणून १९७३ पासून रूढ असलेले ‘पासर रेटिंग’ हे ह्या सरमिसळीचे नमुनेदार उदाहरण होय. यशस्वी फेकींचे प्रमाण, प्रत्येक फेकीमागील यार्ड, टचडाउनचे प्रमाण व इंटरसेप्शनचे प्रमाण ह्या चार गुणोत्तरांतून एक आकडा निघतो. तो जास्तीत जास्त १५८.३ असू शकतो. दशांश चिन्हामुळे तो वर्णन वाटतो. वस्तुतः कशाला किती वजन द्यावयाचे हे त्यात आधीच ठरून गेले आहे, आणि क्वार्टरबॅकने स्वतः धावून मिळवलेले यार्ड किंवा त्याच्यावर झालेले सॅक त्याच्या कक्षेतच येत नाहीत. पण ह्याहून गंभीर अडचण वेगळी आहे. चढाईपूर्वी संघात जी आखणी ठरते ती प्रेक्षकाला माहीत नसते. रिसीव्हर डावीकडे वळावयाचा तो उजवीकडे वळला आणि मोकळ्या जागेत टाकलेली फेक प्रतिपक्षाच्या हाती गेली, तर नोंद क्वार्टरबॅकच्या नावावर होते. त्याचा हेतू काय होता हे दृश्यातून उलगडत नाही.

विमसॅट आणि बिअर्ड्‌स्ली यांनी १९४६ साली हेतूचा आधार घेणारी समीक्षा सदोष ठरविली, ती कृतीपुरती मान्य करता येते; कारण तेथे निर्णय संहितेविषयी असतो आणि संहिता स्वयंपूर्ण मानता येते. निर्णयाचा विषय कर्ता असेल तर हेतू वगळणे ही शिस्त राहत नाही, तो अन्याय होतो. आपल्या परीक्षणलेखनात ही सीमारेषा सर्रास ओलांडली जाते. पहिल्या संग्रहाचे परीक्षण लिहिता लिहिता लेखणी कवीवर निकाल देऊन मोकळी होते. १९३९ चा ‘शिशिरागम’ वाचून १९४७ च्या ‘काही कविते’चे भाकित कोणाला करता आले असते? ‘शिशिरागम’विषयी त्या वेळी केलेली टीका त्या पुस्तकापुरती अचूक असू शकेल, मर्ढेकरांविषयी मात्र तिला बोलण्याचा अधिकार नव्हता. अर्थात कवीला दुसरा संग्रह काढण्यापासून सहसा कोणी रोखू शकत नाही. क्वार्टरबॅकला रोखता येते, आणि प्रस्तुत प्रश्नाचे नैतिक गांभीर्य येथेच सुरू होते.

२०१८ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक निवडले गेले. त्यांपैकी जॉश अ‍ॅलन सातव्या क्रमांकाने बफेलोकडे, तर जॉश रोझन दहाव्या क्रमांकाने अ‍ॅरिझोनाकडे गेला. पहिल्या हंगामात अ‍ॅलनचे १० टचडाउन पास व १२ इंटरसेप्शन, रोझनचे ११ व १४. यशस्वी फेकींचे प्रमाण अ‍ॅलनचे ५२.८ टक्के, रोझनचे ५५.२. फेकीपुरते पाहिल्यास दोघांत निवड करणे कठीण. मात्र अ‍ॅलनने पायांच्या बळावर ६३१ यार्ड व आठ टचडाउन मिळविले होते, हे विसरून चालणार नाही. त्याच्यात काही वेगळे आहे असे मानण्यास तेवढा आधार होता. बफेलोने त्याला ठेवले, त्याच्याभोवती संघ उभारला, २०२० साली स्टेफॉन डिग्स हा रिसीव्हर आणला. त्या वर्षी अ‍ॅलनचे प्रमाण ६९.२ टक्क्यांवर गेले, आणि २०२४ च्या हंगामात तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. इकडे अ‍ॅरिझोनाने सोळापैकी तीनच सामने जिंकले, चढाईचा प्रशिक्षक हंगामाच्या मध्यावर व मुख्य प्रशिक्षक हंगामाअखेर बदलला, आणि २०१९ साली पहिल्या क्रमांकाने कायलर मरे याला घेऊन रोझनला मायामीकडे धाडून दिले. तेथे त्याला तीन सामन्यांत आरंभापासून खेळावयास मिळाले. त्यानंतर तो अनेक संघांच्या राखीव फळीत फिरत राहिला.

रोझनला संधी मिळाली असती तर तो अ‍ॅलन झाला असता, असे येथे सुचवावयाचे नाही. कदाचित अ‍ॅरिझोनाचा निर्णय बरोबरच असेल. मायामीतील त्याचा खेळही आशादायक नव्हता. प्रश्न वेगळा आहे. घाईने दिलेल्या निर्णयाचा दोष तो असत्य असण्यात असतो असे आपण समजतो. वास्तविक तो असत्य आहे की सत्य, हे कळण्याची वाटच तो बंद करतो. ज्याला बाकावर बसविले त्याच्याकडून पुढचा पुरावा येणे थांबते, आणि पुराव्याचा हा अभावच निर्णयाची पुष्टी म्हणून उभा केला जातो. न्यायालयाने साक्षीदाराला बाहेर घालवावे आणि मग साक्ष आली नाही म्हणून दावा फेटाळावा, असाच हा प्रकार.

जॅरेड गॉफ याने २०१६ साली आरंभ केलेले सातही सामने संघाने गमावले. प्रशिक्षक बदलला आणि दोन वर्षांत तोच संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला. सॅम डार्नल्ड हाही २०१८ च्या त्याच पाचांपैकी. न्यू यॉर्क जेट्सने तीन हंगामांनंतर त्याला सोडले. २०२४ साली मिनेसोटाने त्याच्यासह सतरापैकी चौदा सामने जिंकले. ही उदाहरणे दिलासा देणारी म्हणून वाचली जातात. मला ती अस्वस्थ करणारी वाटतात, कारण ज्यांना अशी दुसरी जागा मिळाली नाही त्यांची उदाहरणे देताच येत नाहीत.

संस्थेची बाजूही आहे. २०११ च्या सामूहिक करारापूर्वी नवागतांची मानधने प्रचंड असत. २०१० साली पहिला निवडला गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डला पाच कोटी डॉलरची हमी मिळाली होती. २०११ नंतर पहिल्या फेरीतील खेळाडूचा करार चार वर्षांचा झाला, पाचवे वर्ष संघाच्या मर्जीवर राहिले आणि रकमा खाली आल्या. चुकीची निवड स्वस्त झाली, म्हणून ती सोडून देणेही स्वस्त झाले असावे. अ‍ॅरिझोनाचा निर्णय आधीच्या व्यवस्थेत इतका सहज झाला असता असे वाटत नाही. शिवाय संघात त्रेपन्न खेळाडू असतात आणि त्यांच्याही कारकिर्दी अल्पायुषी असतात. एका नवागताच्या प्रतीक्षेची किंमत बाकीच्यांनी का मोजावी? हा आक्षेप हलक्याने घेण्याजोगा नाही. अ‍ॅरन रॉजर्स तीन हंगाम आणि पॅट्रिक माहोम्स जवळजवळ एक हंगाम ज्येष्ठांच्या मागे बसून शिकले, पण तेथे ज्येष्ठ खेळाडू चांगले होते म्हणून ते परवडले. संयम हा गुण आहेच; पण तो बऱ्याचदा सुस्थितीतल्यांनाच परवडतो.

बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ च्या ‘नैतिक दैव’ ह्या विषयावरील निबंधात गोगँ ह्या चित्रकाराच्या आधारे एक भेद केला आहे. चित्रकलेसाठी घरदार सोडलेला माणूस चित्रकार म्हणून अयशस्वी ठरला, तर त्याचा निर्णय असमर्थनीय ठरतो. वाटेत अपघाताने त्याचा हात गेला, तर काहीच सिद्ध होत नाही. रॉबर्ट ग्रिफिन याच्या बाबतीत हा भेद नेमका लागू पडतो. २०१२ साली वीस टचडाउन पास व पाचच इंटरसेप्शन अशी त्याची झळझळीत सुरुवात झाली. जानेवारी २०१३ मध्ये सिअ‍ॅटलविरुद्ध, आधीच दुखावलेल्या गुडघ्यानिशी तो खेळत राहिला आणि तो गुडघा कोसळला. त्यानंतर तो पूर्वीचा राहिला नाही. आरंभीच्या कौतुकाने त्याला मैदानात धरून ठेवले काय, हे सांगता येणार नाही. पण कौतुक हाही एक घाईचा निर्णयच असतो, ह्याकडे आपले लक्ष फारसे जात नाही.

आतापर्यंतच्या विवेचनात एक गृहीत धरले गेले आहे: सुरुवातीची कामगिरी चांगली असली तर ती पुरावा म्हणून स्वीकारली जाते. हे गृहीतही तपासावयास हवे. १९६८ साली अमेरिकन फुटबॉल लीगमधील डेन्व्हर संघाने मार्लिन ब्रिस्को ह्या कृष्णवर्णीय खेळाडूला बचावफळीसाठी घेतले होते. नियमित क्वार्टरबॅक जायबंदी झाल्यामुळे त्याला त्या जागी उतरविण्यात आले. आधुनिक काळात व्यावसायिक सामन्याचा आरंभ करणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक. थोड्याच सामन्यांत त्याने चौदा टचडाउन पास दिले. पुढील वर्षी ती जागा त्याला मिळाली नाही. कृष्णवर्णीय खेळाडू वेगवान असतो, पण ह्या जागेला लागणारी बुद्धी व नेतृत्व त्याच्यापाशी नसते, हा समज त्या काळी इतका खोल रुजलेला होता की त्याच्याविरुद्ध आलेला पुरावा पुरावा म्हणून दिसतच नव्हता. रोझनच्या बाबतीत पुरावा अपुरा असताना निर्णय झाला. ब्रिस्कोच्या बाबतीत पुरावा येण्यापूर्वीच निर्णय झालेला होता.

ब्रिस्को बफेलोला गेला आणि तेथे त्याला रिसीव्हर करण्यात आले. ती विद्या त्याने जवळजवळ नव्याने आत्मसात केली. १९७० साली तो त्या जागेवरील निवडक खेळाडूंत गणला गेला, आणि १९७२ च्या हंगामात एकही सामना न गमावणाऱ्या मायामी संघातही तो होता. हे यश पाहून, त्याची खरी जागा तीच होती, असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढण्यास लागणारे सामने कधी खेळलेच गेले नाहीत.