खोपा कोणाचा?

सुट्टी लागली की मुलांना हाताशी घेऊन भिंतीसाठी काहीतरी बनवायची हौस हल्ली बऱ्याच घरांत दिसते. थर्माकोल आणि चमकीचा कागद मागे पडला. आता वाळक्या काड्या, शेंगा, शिंपले, सुतळी. चांगलंच आहे. घरभर पसारा होतो, बोटांना डिंक चिकटतो आणि आईबापांनी फार लुडबूड केली नाही तर वाकडंतिकडं का होईना, मुलाचं स्वतःचं काही भिंतीवर चढतं. मात्र प्लॅस्टिक नाही म्हणजे त्यात कोणाचं काही बिघडलं नाही, असा एक समजही या पसाऱ्याबरोबर घरात येतो. तो मला खटकतो.

सुगरणीचा खोपाच घ्या. गावरान थाटाच्या हॉटेलांत तो दिव्याभोवती टांगलेला असतो, दिवाणखान्याच्या भिंतीवरही दिसतो. मुलांना तर तो हवाच असतो. ‘रिकामाच आहे की’ म्हणत फांदी वाकवली जाते आणि खोपा पिशवीत जातो.

1930 साली पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींना नोकरी नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले आणि तिथल्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीसमोर ठाण मांडून बसले. त्यांनी जे टिपून ठेवलं ते आजही वाचणाऱ्याला चकित करतं. खोपा विणतो तो नर. गवताची, भाताची लांब पाती चिरून आणायची, गाठी मारायच्या, पुन्हा उडायचं. एका खोप्यासाठी अशा पाचशेपर्यंत खेपा होतात. खोपा अर्धा झाला की मादी पाहणीला येते. तिला पसंत पडला तर पुढची नळी विणली जाते, नाहीतर तो तसाच अर्धा लोंबत राहतो. बहिणाबाईंच्या कवितेतून हा खोपा आपल्या पाठ्यपुस्तकांत आला, म्हणून त्याचं कौतुक करायला आपण लहानपणीच शिकलो. तो कोणाच्या उपयोगाचा आहे, हे मात्र शिकायचं राहिलं.

कारण विणीचा हंगाम सरला, सुगरणी गेल्या, तरी खोप्याचं काम संपत नाही. पांढऱ्या कंठाची मुनिया पुष्कळदा अशाच जुन्या खोप्यात आपली अंडी घालते. कधी झाडावरचा उंदीर त्यात मुक्काम करतो. शिवाय खालून बघून तो रिकामा आहे की नाही, हे आपल्याला कळतच नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर पक्ष्याच्या घरट्याला धक्का लावणं हे शिकारीच्या व्याख्येतच बसवलं आहे. भिंतीवरच्या शोभेला शिकार म्हणायला जीभ अडखळते, पण शब्द कायद्याचाच आहे.

समुद्रकाठचे शंखही तसेच. काही खेकड्यांचं मागचं अंग मऊ असतं. ते रिकाम्या शंखात शिरून राहतात आणि वाढले की मोठा शंख शोधतात. आपण पिशवी भरून नेतो ती त्यांची पुढची घरं असतात.

असा हिशेब मांडत गेलं तर पाचोळाही मातीचाच, काटकीही वाळवीचीच. मग मुलांनी हात बांधून बसायचं का? एवढं सोवळं मला मान्य नाही. किड्यांनी खाऊन जाळी केलेलं सागाचं पान, वाऱ्याने पाडलेली गुलमोहराची शेंग, शिरीषाच्या खुळखुळणाऱ्या शेंगा, सुरूची बोंडं, फुटका शिंपला, स्वयंपाकघरातली करवंटी यांत भिंत भरून जाईल इतकं रूप आहे. ते मूठभर घ्यावं, पोतंभर नको. आणि उचलण्याआधी उलटंपालटं करून आत कोणी आहे का ते बघावं. हे बघण्यात मुलांना चिकटवण्याहून जास्त रस असतो. घाई असते ती आपल्याला, फोटो काढायची.

यंदा मुलांनी खोपाच मागितला तर त्यांना पावसाळ्यापर्यंत थांबवा. पाऊस लागला की विहिरीकाठच्या बाभळीपासून लांब उभं राहून नर पाती कशी विणतो ते पोटभर बघू द्या. घरी आल्यावर सुतळीचा किंवा उसाच्या पाचटाचा तसाच खोपा विणायला सांगा. तसा जमणार नाही. जो जमेल तो भिंतीवर लावा.