खेळाचें मोल आणि शिक्षणाचे दिवस

पाथर्डी तालुक्यांतील वाचकांस उचल म्हणजे काय हें सांगणें नको. ऊसतोडीस जाणारें कुटुंब मुकादमाकडून पैसे आधीं घेतें, आणि मग अंग त्याचें होतें. कॉलेजांत शिकणाऱ्या मुलास कबड्डीच्या धंदेवाईक संघाचें बोलावणें आलें, तर त्यानें अभ्यास सोडून जावें काय, हा प्रश्न आम्हांस त्या उचलीच्या जवळचाच दिसतो.

रक्कम लहान नव्हे. 2014 सालीं प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावांत सर्वांत मोठी बोली 12 लाख 80 हजार रुपयांची होती. 2023 सालीं ती 2 कोटी 60 लाखांपलीकडे गेली. आपल्याच जिल्ह्यांतील अस्लम इनामदार ह्यांच्या नायकत्वाखालीं पुणेरी पलटण 2024 सालीं अजिंक्य ठरली. अशा वेळीं "थांब" म्हणणें पोट भरलेल्यास सोपें असतें.

खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजाचे विद्यार्थी. 1952 सालीं हेलसिंकीस जाण्यासाठीं त्यांस वर्गणी मागावी लागली. प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं तर आपलें घर गहाण ठेवलें. कांस्यपदक आणूनही त्यांचा चरितार्थ पुढें पोलिसांच्या नोकरीवर चालला. तेव्हां पैशाविना खेळणें तेवढें पवित्र, हें आम्हांस पटत नाहीं.

म्हणून मनाई नसावी. परंतु निवड मुलाची असावी, बापाच्या कर्जाची नव्हे. गुडघा एकदां मोडला कीं संघ दुसरा गडी आणतो. करारांत त्या दिवसाची तरतूद काय, हें वाचून समजण्याइतकें शिक्षण तरी सहीपूर्वीं झालेलें असावें. कॉलेजांनींही परीक्षेची वाट त्याच्याकरितां मोकळी ठेवावी. मोसम कांहीं महिन्यांचाच असतो.