‘नको’ कुणी म्हणायचं?

ह्युगेट क्लार्क 1991 साली न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात दाखल झाल्या तेव्हा त्यांचं वय 84 होतं. त्वचेच्या कर्करोगाने चेहरा पोखरला होता आणि वजन चाळीस किलोंच्याही खाली गेलं होतं. उपचारांनी त्या बऱ्या झाल्या, पण घरी परतल्या नाहीत. 2011 साली, वयाच्या 104व्या वर्षी, त्यांनी रुग्णालयातच डोळे मिटले. त्या वीस वर्षांत फिफ्थ अॅव्हेन्यूवरचे त्यांचे बेचाळीस खोल्यांचे फ्लॅट, सांता बार्बराचा समुद्राकाठचा प्रासाद आणि कनेक्टिकटमधली हवेली यांची देखभाल मात्र चालूच होती. त्या हवेलीत तर त्या एक दिवसही राहिल्या नव्हत्या.

हा पैसा तांब्याचा. वडील विल्यम क्लार्क यांनी माँटाना आणि अॅरिझोनातल्या खाणींतून तो उभा केला. 1905 साली लास वेगास वसलं तेही त्यांच्या रेल्वेमुळे. त्यांना सिनेटमध्येही जायचं होतं, आणि सिनेटर तेव्हा राज्याच्या विधिमंडळातून निवडून जात. 1899 साली फ्रेड व्हाइटसाइड नावाच्या आमदाराने लाच म्हणून वाटलेल्या तीस हजार डॉलरांच्या नोटा विधिमंडळासमोर उघड केल्या. तरीही क्लार्क निवडून आले! सिनेटच्या समितीने ती निवड अवैध ठरवली, तेव्हा 1900 साली त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे ते पुन्हा सिनेटमध्ये गेलेच.

वडिलांनी पैसा दिला तो माणसं विकत घेण्यासाठी. मुलीने आयुष्यभर दिला, आणि बदल्यात फारसं काही मागितलं नाही.

थोरली बहीण 1919 साली गेली, वडील 1925 साली. लग्न दोनच वर्षांत मोडलं. नंतर त्या चित्रं काढत राहिल्या, बाहुल्या जमवत राहिल्या, जपानी कारागिरांकडून जुन्या वास्तूंच्या प्रतिकृती करवून घेत राहिल्या. ओळखीच्यांना फोन करत, पत्रं लिहीत, चेक पाठवत. अशा आयुष्याला वर्तमानपत्रांनी गूढ ठरवलं. पण कुणालाही त्रास न देता एकटं राहणाऱ्या माणसाकडे त्याचा खुलासा मागण्याचा हक्क जगाला नसतो.

खुलासा मागायचाच तर तो आसपासच्यांकडे मागायला हवा. त्यांची खासगी परिचारिका वर्षानुवर्षं रोज बारा-बारा तास त्यांच्या उशाशी होती. ती सेवा खोटी नव्हती. पण तिला आणि तिच्या कुटुंबाला भेटींच्या रूपाने तीन कोटी डॉलरांहून अधिक मिळाले, त्यात अनेक घरंही होती. रुग्णालयाला त्यांनी माने या चित्रकाराचं चित्र दिलं, ते 35 लाखांना विकलं गेलं. या रुग्णाकडून आणखी किती मिळू शकेल याचा विचार तिथले वरिष्ठ करत होते, हे पुढे न्यायालयात आलेल्या कागदपत्रांतून दिसलं.

देणारी शुद्धीवर होती, पैसा तिचा होता, असं म्हणता येतं आणि त्यात तथ्यही आहे. पण ज्या हातांकडून औषध घ्यायचं, ज्या माणसाखेरीज दिवसभर कुणी दिसत नाही, त्याला दिलेली भेट आणि मोकळेपणी दिलेली भेट यांत फरक असतो. तो फरक ओळखण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते, कारण अंथरुणातल्या माणसापेक्षा तोच अधिक मोकळा असतो. पहिला चेक कृतज्ञतेचा मानता येईल. पाचव्या घरापाशी तरी हात मागे यायला हवा होता.

2005 साली काही आठवड्यांच्या अंतराने दोन मृत्युपत्रं झाली. पहिल्यात संपत्ती नातेवाइकांकडे जात होती, दुसऱ्याने त्यांना वगळलं. हे नातेवाईक वडिलांच्या पहिल्या लग्नाचे वंशज, आणि त्यांतले कित्येक ह्युगेटबाईंना कधी भेटलेही नव्हते. 2013 साली तडजोड झाली. सांता बार्बराची वास्तू कलेसाठीच्या प्रतिष्ठानाकडे गेली, नातेवाइकांना तीन कोटींहून अधिक डॉलर मिळाले, परिचारिकेने पन्नास लाख परत करायचं मान्य केलं.

ह्युगेटबाईंचा पैसा सांभाळणारे वकील आणि हिशेबनीस या व्यवहारांवर लक्ष ठेवायला होते, असं वाटेल. दुसऱ्या मृत्युपत्रात त्या दोघांच्याही नावे प्रत्येकी पाच लाख डॉलर होते.