आता कोणी येणार नाही

मोठे दिवे मालवा. कोपऱ्यातला एखादा मिणमिणता राहू द्या. पूर्ण काळोखाची गरज नाही. गोष्ट सांगणारा आवाज जेमतेम कानाशी पोचेल एवढाच ठेवा. आज ऐकायची गोष्ट बर्फातली आहे, ध्रुवाकडची आहे आणि भयाची आहे. वाड्यातल्या भुताला यावे लागते, तेव्हा कुठे आपण घाबरतो. बर्फातल्या गोष्टीत भूत येवो न येवो, भीती आधीच येऊन बसलेली असते. ती नेमकी कुठे बसली आहे ते शांतपणे पाहू. आणि तिच्या शेजारी बसायला आपल्याला इतके बरे का वाटते, तेही.

पहिले वाक्य मनात येऊ द्या: शेवटचे विमान गेले.

दक्षिण ध्रुवावर अमेरिकेचे अमुंडसेन-स्कॉट संशोधन केंद्र आहे. फेब्रुवारीच्या मध्याला तिथून उन्हाळ्यातले शेवटचे विमान उडते. अगदी जिवावरचा प्रसंग सोडला, तर पुढचे येते ते थेट ऑक्टोबरच्या अखेरीस. मागे चाळीसेक माणसे उरतात. ते विमान दिसेनासे झाले की ही माणसे एका खोलीत जमतात आणि 'द थिंग' हा चित्रपट पाहतात. अंटार्क्टिकातल्या एका केंद्रात परका जीव शिरतो, तो हवे त्या माणसाचे रूप घेतो, आणि शेजारी बसलेला खरा की खोटा हे कोणालाच कळत नाही, अशी ती कथा. मूळ जॉन कॅम्पबेलची, १९३८ सालची. जिथून पळता येत नाही तिथेच बसून, पळता न येणाऱ्यांची गोष्ट पाहायची, आणि हे दर वर्षी. का बरे? उत्तर शोधायची घाई करू नका. प्रश्न जवळ ठेवा आणि पुढे चला.

आपल्याकडच्या भयकथेत मदत लांब असते, पण असते. घाटात गाडी बंद पडली तरी खाली गावातले दिवे दिसतात. मसणवटीवरून जाणाऱ्याला पहाटेपर्यंतच तग धरायचा असतो. कोंबडा आरवला की सुटला. ध्रुवाची गोष्ट हे दोन्ही आधार काढून घेते. गाव नाही आणि पहाटही नाही.

ही न येणारी पहाट मराठी माणसाला अगदीच अनोळखी नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. वेदांचे कर्ते मुळात ध्रुवप्रदेशातले, हा त्यातला सिद्धांत विद्वानांच्या कसोटीला उतरला नाही. पण त्यांनी धरलेला एक धागा आजही मनात रुतून बसतो. ऋग्वेदातला ऋषी रात्रीला विनवतो की तुला सुखरूप ओलांडता येऊ दे. टिळकांनी विचारले, बारा तासांत संपणाऱ्या रात्रीची एवढी धास्ती कोणाला वाटेल? पलीकडचा काठ आहे की नाही याचीच शंका यावी, अशी ही रात्र कुठली? इतिहासकार म्हणून टिळक चुकले असतील. भीतीचे वाचक म्हणून त्यांची नजर पक्की होती. ध्रुवाकडची सगळी भयकथा त्या एका शंकेवर उभी आहे. रात्री काय येईल याची भीती पुढची, रात्र जाईल का ही पहिली.

तर ती रात्र मनात आणा. १८९८ चा मे महिना. 'बेल्जिका' नावाचे जहाज अंटार्क्टिकाच्या समुद्रात गोठलेल्या बर्फात रुतून अडीच महिने होत आले आहेत. सूर्य मावळला आहे तो सुमारे सत्तर दिवसांनी उगवणार. अंटार्क्टिकाच्या वर्तुळात पूर्ण हिवाळा काढणारी ही माणसांची पहिलीच तुकडी, त्यामुळे असल्या रात्रीत काय होते ते सांगायला आधी कोणी गेलेले नाही. दिवे मिणमिणते. डब्यातले तेच तेच मऊ अन्न. हिरड्या सुजताहेत, मन कशावर ठरत नाही. ५ जून रोजी एमिल डांको हा तरुण अधिकारी वारतो. बर्फाला भोक पाडून, पायांना वजने बांधून त्याला पाण्यात सोडतात. जहाजावरचे डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी पुढे लिहिले की तो खाली, बर्फाच्या थराखाली, उभ्याने तरंगत असेल, कदाचित आमच्या जहाजाच्याच तळाशी, हा विचार मनातून जाईना.

इथे थांबा. हे कोणा कथालेखकाने रचलेले नाही. त्याला सुचलेही नसते. रचणाऱ्याने त्या मृताला वर आणले असते, रात्री जहाजाच्या फळ्यांवर ठकठक करायला लावले असते. खरी भीती ठकठक करत नाही. ती फक्त पायांखाली आहे एवढे माहीत असते, आणि वर ताटे मांडली जातात.

(कुक तसे बेरकी गृहस्थ. पुढे त्यांनी उत्तर ध्रुव गाठल्याचा दावा केला, तो टिकला नाही. नंतर तेलाच्या शेअरांच्या फसवणुकीत तुरुंगातही गेले. पण त्या काळोखात त्यांनी माणसांना पेंग्विन आणि सीलचे ताजे मांस खायला लावले, शेगडीच्या उजेडाउबेत रोज बसवले, आणि बहुतेकांना जगवले. दक्षिण ध्रुवावरच्या केंद्राच्या नावातला अमुंडसेन, तेव्हा तरुण, त्यांतलाच एक. १८९९ च्या मार्चमध्ये जहाज सुटले.)

आता डोळे मिटले तरी चालतील, कारण पुढचे कानांचे काम आहे.

ध्रुवाकडे डोळे भरवशाचे राहत नाहीत. ढग आणि बर्फ एकाच पांढऱ्या रंगाचे झाले की उजेड सगळीकडून सारखाच येतो, सावली पडत नाही, जमीन कुठे संपली कळत नाही, पाच पावलांवरचा खळगा दिसत नाही. उलट कान वाजवीपेक्षा तीक्ष्ण होतात. जमिनीलगत अतिथंड हवा आणि तिच्यावर थोडी उबदार, अशी रचना झाली की वर जाणारा आवाज वळून पुन्हा खाली येतो आणि दूरवर पसरतो. विल्यम पॅरी यांच्या १८२४-२५ च्या आर्क्टिक मोहिमेत एका अधिकाऱ्याने गोठलेल्या बंदरापलीकडच्या, मैलाहून अधिक लांब असलेल्या माणसाशी साधे संभाषण केल्याची नोंद आहे. त्यात समुद्रावरचा बर्फ दाबाखाली कण्हतो, किंचाळतो, कधी रडल्यासारखा वाटतो. म्हणजे दूरचा माणूस जवळ बोलल्यासारखा, आणि माणूस नसतानाही हुंदका. भयकथेला यापेक्षा जास्त साहित्य लागत नाही.

म्हणूनच माझे मत असे की ही गोष्ट पाहण्यापेक्षा ऐकावी. पडद्यावर बर्फ नुसता सुंदर दिसतो. ऐकताना तो दिसत नाही, आणि त्या प्रदेशात तसेच असते.

ऐकता ऐकता माणसे मोजा. चांगल्या ध्रुवकथेत कधी ना कधी मोजणी चुकते. ध्रुवशोधक शॅकल्टन आणि त्याचे सोबती वर्स्ली आणि क्रीन या तिघांनी १९१६ च्या मे महिन्यात दक्षिण जॉर्जिया बेटाचे अनोळखी डोंगर ३६ तासांत पार केले. 'साउथ' या १९१९ च्या पुस्तकात शॅकल्टनने लिहिले की आपण तिघे नसून चौघे आहोत असे त्याला वारंवार वाटत होते. बाकीच्या दोघांनाही तसेच वाटले होते. थकवा, उपास, थंडी अशी कारणे देता येतात, आणि ती बरोबरही असतील. मला मात्र यातली एक गोष्ट खटकत राहते, सुखदपणे खटकते: तो चौथा त्यांना भयाचा वाटला नाही. सोबतीचा वाटला. एकटेपणा पराकोटीला गेला की मनच एक पान जास्त वाढते. तेच पान कथाकार उचलतो आणि त्यावर कोणाला तरी भलत्यालाच बसवतो.

त्या भलत्याचे वर्णन करायला लागले की गोष्ट बहुधा घसरते. लव्हक्राफ्टची 'अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' (१९३१ मध्ये लिहिलेली, १९३६ मध्ये मासिकातून छापलेली) याचा धडधडीत पुरावा. डोंगर पहिल्यांदा दिसतात, बिनतारी संदेश येतात आणि एका रात्री येईनासे होतात, तोवर अंगावर काटा. नंतर त्या प्राचीन जीवांच्या शरीररचनेचे आणि इतिहासाचे पानामागून पान सुरू होते आणि मी घड्याळ पाहतो. मोठा लेखक, पण इतके दाखवायला नको होते.

आता पुन्हा आवाजाकडे या. आपण ज्याच्या मागे मागे चाललो आहोत तो आवाज.

१९३४ च्या हिवाळ्यात रिचर्ड बर्ड हे अमेरिकी नौदलाचे अधिकारी अंटार्क्टिकात मुख्य तळापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर, बर्फात पुरलेल्या एका खोपटात एकटे राहिले होते. मार्चअखेर ते ऑगस्ट. शेगडीचा आणि यंत्राचा धूर नीट बाहेर जात नव्हता, आणि वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड हळूहळू त्यांना मारत होता. शेगडी पेटवावी तर विष, विझवावी तर गारठा. रेडिओवर तळावरच्या माणसांचे बोलणे त्यांना ऐकू यायचे. त्यांना मात्र उत्तर मोर्सच्या ठिपक्या-रेघांतच देता यायचे. काळोखात कोणी आपल्यासाठी जीव धोक्यात घालू नये म्हणून त्यांनी आजार लपवला. पण संदेशातल्या ठिपक्या-रेघा चुकू लागल्या, त्यावरून तळावरच्यांना वास आला, आणि ऑगस्टमध्ये तिघे जण तिथे पोचले. त्या खोपटात जो अदृश्य मारेकरी होता तो होताच. पण गोष्ट फिरली ती कोणीतरी नीट ऐकत होते म्हणून.

आता सुरुवातीचा प्रश्न हातात घ्या. शेवटचे विमान गेल्यावर ती माणसे तसला चित्रपट का पाहतात? मला वाटते, 'आता कोणी येणार नाही' हे वाक्य एकट्याच्या मनात सहन होत नाही. मोठ्याने आणि सगळ्यांच्या समोर म्हटले की त्यातला 'कोणी नाही' खोटा पडतो, कारण ऐकणारे शेजारीच असतात. सांगितलेल्या भयकथेत हा दिलासा जन्मजातच आहे. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) लोक प्रयोगशाळेतली म्हणून ओळखतात, पण ती सांगितली जाते आणि संपते आर्क्टिकच्या बर्फात. अडकलेल्या जहाजावर मरणोन्मुख व्हिक्टर आपली हकिकत कप्तान वॉल्टनला सांगतो. ध्रुवाच्या हव्यासाने निघालेला वॉल्टन ती ऐकतो, आणि अखेर जहाज माघारी वळवतो. जहाजावरची माणसे वाचतात.

एका ठिकाणी मात्र मन थोडे अवघडू द्या. हा प्रदेश ओसाड, असे आपण इतका वेळ धरून चाललो. अंटार्क्टिकापुरते ते ठीक. आर्क्टिकमध्ये माणसे हजारो वर्षे राहत आली आहेत. १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन 'एरेबस' आणि 'टेरर' ही जहाजे घेऊन गेले. शेवटी त्यांच्यासह असलेल्या १२९ जणांपैकी एकही परतला नाही. १८५४ साली शोधक जॉन रे यांनी इन्युइट लोकांकडून ऐकून आणले की उपाशी गोऱ्यांनी अखेर आपल्याच मेलेल्या सोबत्यांचे मांस खाल्ले. लंडन खवळले. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकात ही रानटी लोकांची बडबड म्हणून उडवून लावली. पुढे सापडलेल्या हाडांवर सुऱ्यांचे वार निघाले. 'एरेबस' २०१४ मध्ये सापडले, इन्युइटांच्या तोंडी जपलेल्या हकिकती जिकडे बोट दाखवत होत्या तिकडेच. 'टेरर' २०१६ मध्ये मिळाले तेही एका इन्युइट माणसाने सांगितलेल्या खुणेवरून. दीडशेहून अधिक वर्षे ती गोष्ट सांगितली जात होती. डॅन सिमन्सची 'द टेरर' ही याच मोहिमेवरची कादंबरी ऐकताना त्यातल्या राक्षसाने दचका जरूर, पण ही माणसे खरी होती आणि त्यांच्या मरणाची साक्ष देणारेही खरे होते, हे ध्यानात असू द्या.

ऐकायला सुरुवात करायची तर आर्थर कॉनन डॉयलची 'द कॅप्टन ऑफ द पोल-स्टार' घ्या. १८८० मध्ये डॉयल 'होप' या देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावर वैद्य म्हणून आर्क्टिकला गेला आणि तिथेच एकवीस वर्षांचा झाला. तीन वर्षांनी ही कथा छापून आली. बर्फात अडकलेले जहाज, वैद्याची रोजनिशी, आणि बाहेर धुक्यात काहीतरी आहे असे म्हणणारा कप्तान. हक्क केव्हाच संपल्याने हौशी वाचकांनी केलेली ध्वनिमुद्रणे फुकट मिळतात. दुसरी मिशेल पेव्हरची 'डार्क मॅटर' (२०१०): १९३७ सालचा स्वालबार्ड आणि सरत चाललेला उजेड. अलीकडच्या लेखनात मला हिच्याइतकी संयमी ध्रुवकथा भेटलेली नाही.

आणि एक विनंती. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली होती, ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र आजही गोव्यातच, वास्कोला आहे, आणि अंटार्क्टिकातल्या 'मैत्री' केंद्रावर दर वर्षी आपली माणसे सुमारे दोन महिन्यांची ती रात्र काढतात. त्यांतले कोणी तुमच्या ओळखीत असेल, तर एका रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांना बोलते करा, मध्ये बोलू नका, आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण तेवढे करून ठेवा.