क्रूस म्हणजे भोग नव्हे

मराठी ख्रिस्ती घरांत एकाच वस्तूला दोन नावे आहेत. गळ्यात असतो तो क्रूस, बायबलात भेटतो तो वधस्तंभ. पहिल्यावर सोनाराचा हात फिरला आहे. दुसऱ्यातला 'वध' कोणालाही घासून काढता आलेला नाही. रोमन साम्राज्यात गुलामांना आणि बंडखोरांना चारचौघांत ठार करण्याचे हे साधन होते, आणि त्याचा आडवा वासा सहसा दंडितालाच वाहून न्यावा लागे. आपला वधस्तंभ उचलून मागे येण्याची येशूची अट मत्तय, मार्क व लूक या तिघांनीही नोंदवली आहे. 'दररोज' हा शब्द मात्र एकट्या लूकचा (९:२३). माणूस एकदाच मरतो, मग वधस्तंभ रोज कसा उचलायचा?

याचे प्रचलित उत्तर सोपे आहे: आजारपण, कर्ज, दारुडा नवरा, जे वाट्याला आले तो आपला क्रूस. नागपूरच्या नंदनवन वस्तीत शेजारचा हिंदू अशा वेळी 'भोग' म्हणतो. तोच अर्थ असेल तर क्रुसाची गरजच उरत नाही. भोगाला मराठीत जुना आणि पुरेसा शब्द आहे. लूकचे क्रियापद 'उचलणे' आहे. भोग उचलावा लागत नाही, तो अंगावर येऊन पडतो.

उचलण्याचे उत्तम मराठी उदाहरण पंडिता रमाबाईंचे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे तेथील मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात क्रुसावरील अक्षरांचाही वाद आहे. सिस्टरांना ती लॅटिन हवी होती. आपल्या देशभगिनींना लॅटिन परकी, तेव्हा लिहायचेच तर संस्कृतात, असा रमाबाईंचा हट्ट. वाद वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु क्रूस उचलायचा तर त्यावरचा मजकूर उचलणाऱ्याला वाचता आला पाहिजे, हा मुद्दा त्यामागे होता. रमाबाईंच्या हट्टातही एक मौज होती. जी भाषा घरातल्या बाईला शिकवल्याबद्दल त्यांच्या वडिलांना समाजाचा रोष सोसावा लागला, तीच त्या स्त्रियांच्या नावाने मागत होत्या. ही चूक त्यांनी स्वतःच दुरुस्त केली. केडगावच्या आपल्या आश्रमात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल केले ते अडाणी बायकांना कळेल अशा मराठीत. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये छापून पूर्ण झाले.

दुसरे उदाहरण कवी नारायण वामन टिळकांचे. त्यांची गोष्ट नागपूरहून सुरू होते. १८९३ मध्ये येथून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरीही सोडून ते 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारायला निघाले. दोन्ही वेळा त्यांनी स्वतः उचलले, स्वतः सोडले. येथवर भोग आणि क्रूस यांतला फरक चोख ठरतो.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांपाशी तो ढासळतो. १८९५ चा निर्णय त्यांनी घेतला नव्हता. नवऱ्याने घेतला आणि त्यांच्या अंगावर येऊन पडला. सोवळ्यात वाढलेली बाई मूल घेऊन नवऱ्यापासून वेगळी राहिली. वरच्या व्याख्येनुसार हा निव्वळ भोग. टिळकांचे धर्मांतर तेजस्वी म्हणताना त्याची किंमत दुसऱ्याच कोणी मोजली, हे चरित्रकार सहसा ओझरते सांगतात. पुढे त्या नांदायला परतल्या, जातीची शिवाशिव हळूहळू सुटत गेली, आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. लादलेले ओझे नेमके कोणत्या दिवशी उचललेले झाले, हे 'स्मृतिचित्रे' हे त्यांचे आत्मचरित्र वाचूनही दाखवता येत नाही. बहुधा तसा एक दिवस नव्हताच. लूकच्या 'दररोज'ला येथे जो अर्थ मिळतो तो टिळकांच्या दोन मोठ्या त्यागांतून मिळत नाही. भोगाला क्रूस म्हणणारी साधी माणसे त्यामुळे सर्वस्वी चुकत नाहीत. फक्त ती पहिल्या दिवसाबद्दल बोलत असतात.

टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा 'ख्रिस्तायन' या महाकाव्याचे सुरुवातीचे थोडेच अध्याय झाले होते. उरलेले, कितीतरी अधिक, शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी रचले. वधस्तंभाचा प्रसंग त्यांच्या वाट्याला आला.