पुरावा कोणी द्यायचा?

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात धडधाकट माणसांच्या पायांतले बळ जाऊ लागले. आधी जुलाब, मग काही दिवसांनी मुंग्या, मग जिना चढवेना. काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे ‘जीबीएस’, हे नाव तेव्हा पुण्यात घरोघरी पोचले. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून-अन्नातून पसरणारा जिवाणू सापडला आणि संशय नांदेडच्या मोठ्या विहिरीवर गेला.

किरकटवाडी, नांदेड ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली. त्यांच्या वाट्याला हद्द आली, इमारती आल्या. जलशुद्धीकरण केंद्र आले नाही. विहिरीचे पाणी नुसते क्लोरीन मिसळून नळाला जात होते. यात धोका आहे हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. पण आपली सरकारी रीत ठरलेली: तक्रार आली की नमुने, नमुन्यांनंतर अहवाल, आणि अहवालानंतर ‘पाण्यामुळेच झाले कशावरून?’ हा प्रश्न. जो अंथरुणाला खिळला, त्यानेच पुरावा आणायचा!

कायदा असे म्हणत नाही. तमिळनाडूतल्या चर्मोद्योगांच्या सांडपाण्यावरून लढवल्या गेलेल्या वेल्लोर नागरिक मंचाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच बजावले होते: हानी गंभीर आणि भरून न येणारी असेल, तर शास्त्रीय खात्री नाही ही सबब चालणार नाही, आपले काम निर्धोक आहे हे ते करणाऱ्यानेच दाखवायचे. हे सावधगिरीचे तत्त्व राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात कलम २० म्हणून आले. या न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच बसते. तिथून महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयापर्यंतचे अंतर मात्र या तत्त्वाला अजून कापता आलेले नाही.

खबरदारीच्या नावाने जुलूमही होतो, हे पुण्याला कोणी शिकवायला नको. १८९७ च्या प्लेगात इंग्रज प्लेग अधिकारी रँडचे सोजीर लोकांच्या घरांत घुसले, तेव्हा संशय पुरेसा मानला गेला होता. पण त्याचा सगळा जाच रयतेला. खरा प्रश्न खबरदारी किती घ्यावी एवढाच नसतो, तिचा भार कोणी उचलावा हाही असतो. २०२५ मध्येही सल्ले आले ते असेच: पाणी उकळा, चिकन नीट शिजवा. सल्ले चुकीचे नव्हते. पण भार पडला तो पुन्हा स्वयंपाकघरावर. पाणी पुरवणाऱ्याला कोणी काही उकळायला सांगितले नाही.

‘प्रत्येक संशयावर थांबलो तर शहर चालेल कसे?’ असे बांधकामवाले आणि अधिकारी विचारतात. शहर थांबवा असे कोण म्हणते? नळाच्या टोकाशी लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले आहे की नाही, हे काही थेंबांच्या चाचणीने मिनिटांत कळते. उलट एका जीबीएस रुग्णाच्या इम्युनोग्लोब्युलिन उपचाराचा खर्च लाखांत जातो. टँकरवाल्याने सोसायटीच्या टाकीत पाणी सोडण्याआधी ही क्लोरीनची चाचणी करून दाखवावी, महापालिकेने आपल्या नळांचे आकडे रोज वॉर्डाच्या फलकावर लावावेत, आणि जिथे शुद्ध पाण्याची सोय सिद्ध झालेली नाही तिथे नव्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. पुढची साथ पाण्यातून येईल की नाही, हे सिद्ध होईपर्यंत यातले काहीच अडून राहण्याचे कारण नाही.